कर्नल अपडेट झाला, रीबूट कधी?

लिनक्स सर्व्हरवर नवा कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) इन्स्टॉल केला की तो फक्त डिस्कवरच्या ‘बूट’ फोल्डरमध्ये येऊन बसतो. मेमरीत जुनाच चालू असतो, त्याच्या त्रुटींसकट. ‘यूनेम’ कमांड चालू आवृत्ती दाखवते. ती बदलायला रीबूट लागतो, आणि चालढकल इथेच होते.

ती अगदी अकारण नसते. ९९.९ टक्के उपलब्धतेचा करार असेल, तर महिन्याला जेमतेम ४३ मिनिटे हाताशी असतात. मोठ्या सर्व्हरवर फर्मवेअरची मेमरी तपासणी आणि रेड कंट्रोलर (अनेक डिस्क एकत्र चालवणारे कार्ड) यांतच त्यातली बरीच मिनिटे जातात. ‘केएक्झेक’ (चालू कर्नलमधूनच थेट नवा सुरू करण्याची सोय) वापरून हा टप्पा टाळता येतो, पण हार्डवेअर रीसेट न झाल्याने काही ड्रायव्हर अडखळतात.

मग घाई कधी करायची? सीव्हीई क्रमांक (जाहीर सुरक्षा त्रुटींना दिले जाणारे क्रमांक) मोजून हे ठरत नाही. फेब्रुवारी २०२४ पासून कर्नलची टीम स्वतःच हे क्रमांक देते आणि अगदी सढळ हाताने देते. त्रुटीपर्यंत पोचू शकणारा कोण, हे पाहावे. २०२२ मध्ये उघड झालेल्या ‘डर्टी पाइप’ या कर्नलमधल्या त्रुटीमुळे साध्या खात्यालाही रूटचे, म्हणजे सर्वोच्च, अधिकार मिळवता येत. अनेकांची खाती असलेल्या होस्टिंग सर्व्हरवर अशा वेळी त्याच रात्री रीबूट हवा. ज्यावर फक्त डेटाबेस आहे आणि बाहेरच्या कोणाचे लॉगिन नाही, तो रविवारपर्यंत थांबू शकतो.

कर्नल ४.० पासून (२०१५) लाइव्ह पॅचिंगची, म्हणजे रीबूट न करता चालू कर्नल दुरुस्त करण्याची, सोय आहे. सदोष फंक्शनकडे जाणारा कॉल दुरुस्त फंक्शनकडे वळवला जातो. डेटाची रचनाच बदलणारी दुरुस्ती मात्र अशी बसवणे अवघड असते, त्यामुळे रीबूट पुढे ढकलता येतो, टळत नाही.

रीबूट फसतो तेव्हा दोष बहुधा नव्या कर्नलचा नसतो. ‘बूट’ विभाजन भरल्याने इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला लागणारी छोटी फाइल सिस्टिम) अर्धवट बनलेले असते, किंवा डीकेएमएसने (कर्नलबाहेरची मॉड्यूल बांधणारे साधन) झेडएफएस या फाइल सिस्टिमचे मॉड्यूल नव्या कर्नलसाठी बांधलेलेच नसते. कधी काढून टाकलेल्या डिस्कची ‘एफएसटॅब’मधली (बूटवेळी जोडायच्या डिस्कची यादी) ओळ ‘नोफेल’शिवाय (डिस्क नसली तरी पुढे जा, असा पर्याय) राहिलेली असते आणि सर्व्हर इमर्जन्सी मोडमध्ये अडकतो. फायरवॉलचे नियम हाताने टाकून सेव्ह न करणे, हे तर नेहमीचेच. वर्षभर न थांबलेल्या सर्व्हरवर हे सगळे एकाच रात्री बाहेर येते. म्हणून अशा सर्व्हरवर अपडेटआधी जुन्याच कर्नलवर एकदा रीबूट करावा. दोष कोणाचा ते लगेच कळते.

सर्व्हर दूर असेल तर ग्रबमध्ये (बूटवेळी कर्नल निवडणारा प्रोग्रॅम) जुना कर्नल कायमचा ठेवून नवा फक्त एका बूटसाठी निवडावा, आणि ‘पॅनिक=१०’ द्यावे. नवा कर्नल पॅनिक झाला, म्हणजे गंभीर चुकीने थांबला, तर दहा सेकंदांनी सर्व्हर आपोआप रीबूट होऊन जुन्यावर परततो. नुसते नेटवर्क कार्डच उठले नाही, तर मात्र पॅनिक होत नाही. त्यासाठी आयपीएमआय कन्सोलचे (सर्व्हरची सिस्टिम बंद असतानाही दुरून हाताळण्याची सोय) लॉगिन चालते का, हे आधीच तपासून ठेवावे.