मॅनेजमेंट मॉड्यूल बंद पडलं म्हणजे सर्व्हर बंद पडत नाहीत

ब्लेड म्हणजे चॅसी नावाच्या एका सामायिक पेटीत शेजारी-शेजारी बसणारे पातळ सर्व्हर. त्यांच्याबद्दल एक समज वर्षानुवर्षं फिरतोय: चॅसीतलं मॅनेजमेंट मॉड्यूल गेलं की सगळे ब्लेड झोपतात, म्हणूनच दोन मॉड्यूल देतात. हे खरं नाही.

आयबीएमच्या ब्लेडसेंटर-ई मध्ये ७ यू (यू म्हणजे रॅकमधल्या उंचीचं एकक) उंचीत १४ ब्लेड बसतात, एचपीच्या सी७००० मध्ये १० यूत १६. ब्लेडना वीज पॉवर सप्लायकडून मिडप्लेनमार्गे (चॅसीच्या आतल्या जोडणीच्या बोर्डमार्गे) मिळते, डेटा स्विचमधून जातो. मॉड्यूल या दोन्ही वाटांवर नाही. त्याचं काम देखरेखीचं: तापमान, पंखे, रिमोट कन्सोल (दुरून सर्व्हरचा स्क्रीन उघडणं), नवीन ब्लेडला वीज घ्यायची परवानगी.

चांदिवलीच्या एका डेटा सेंटरमध्ये रात्री ब्लेडसेंटरचं एकमेव मॉड्यूल मी स्वतः बाहेर काढलं होतं. मागचे ब्लोअर एकदम पूर्ण वेगाने घोंघावू लागले, कारण तापमान सांभाळणारं कुणी उरलं नव्हतं. चौदाही ब्लेडचे हिरवे दिवे मात्र तसेच. शेजारी उभा असलेला नवा मुलगा घाबरून पार पांढरा पडला होता!

मग दुसरं मॉड्यूल कशाला? तर आपण आंधळे होऊ नये म्हणून. दोघं काम वाटून घेत नाहीत. एक सक्रिय, दुसरं राखीव. पण राखीवलाही स्वतःची नेटवर्क केबल हवी आणि फर्मवेअर (मॉड्यूलच्या आतलं सॉफ्टवेअर) जुळतं हवं. ती केबल न लावलेल्या चॅसी मी कितीतरी पाहिल्यात. तिथे अदलाबदल होते, पण कन्सोल काही उघडत नाही.