नोट हलवली की नुसती दाखवली?

माझी एक मैत्रीण शिवाजी विद्यापीठात कोल्हापूरच्या पाण्याच्या इतिहासावर काम करते. टिपणं ती आयफोनच्या नोट्स ॲपमध्ये ठेवते. परवा तिचा फोन आला. "अगं, राधानगरी धरणाची नोट दोन फोल्डरांत होती. डबल कशाला ठेवायची म्हणून एक उडवली, तर दुसरीपण गेली की!"

दोन नव्हत्याच. "शाहू महाराज" हा तिचा साधा फोल्डर, आणि "पाणी" हा स्मार्ट फोल्डर. दोन्हींचं चित्र जवळपास सारखंच दिसतं, तिथंच घोळ होतो.

आयफोनच्या नोट्समध्ये स्मार्ट फोल्डर २०२१ साली, आयओएस १५ बरोबर आले. त्यात काहीच ठेवलेलं नसतं. 'पाणी हा टॅग (नोटला चिकटवलेला खुणेचा शब्द) असलेल्या नोट्स शोधून दाखव' एवढी आज्ञा तेवढी साठवलेली असते. खिडकीच म्हणा. खिडकीतून हात घालून आंबा तोडला तर झाडावरचाच तुटणार.

नियमाने नोट हलवणं हे वेगळंच प्रकरण. ऑब्सिडियन या टिपणं ठेवायच्या ॲपसाठी 'ऑटो नोट मूव्हर' नावाचं प्लगइन, म्हणजे वरून जोडायची सोय, आहे. ते नोटचा टॅग किंवा शीर्षक बघतं आणि नोटची फाइल उचलून ठरलेल्या फोल्डरात नेऊन टाकतं. डिस्कवरचा पत्ता खरोखर बदलतो, त्यामुळे उद्या ऑब्सिडियन सोडलं तरी फाइल त्या फोल्डरातच सापडते. स्मार्ट फोल्डरची मांडणी मात्र त्या ॲपपुरतीच.

पण फाइलला घर एकच. भोगावतीवरचं राधानगरी धरण बांधायला घेतलं शाहू महाराजांनी, म्हणजे नोटवर दोन टॅग आलेच. दोन नियम लागू पडले तर यादीत जो वर, त्याच्या फोल्डरात नोट जाते. म्हणजे संशोधनाची वर्गवारी सेटिंगमधल्या ओळींच्या क्रमाने ठरली! मला हे पटत नाही. वीजबिलं, पावत्या, तारखेवार रोजनिशी यांना खुशाल हलवा, त्यांचं घर ठरलेलं असतं. वाचनाच्या टिपणांना मात्र खिडक्याच बऱ्या. ऑब्सिडियनमध्येही २०२५ पासून 'बेसेस' आहे: नोटच्या माथ्यावर तीन-तीन डॅशांच्या मध्ये लिहिलेला विषय, तालुका, साल वाचून ते यादी दाखवतं, फाइल जागची हलत नाही.

मैत्रिणीला म्हटलं, "अलीकडे काढलेल्या नोट्सच्या (रिसेंटली डिलीटेड) फोल्डरात बघ, तीस दिवस तरी राहते." मिळाली नोट. पण "पाणी"त कोल्हापुरी बंधाऱ्यांची एकही नोट दिसेना. त्या साध्या फोल्डरात होत्या तशाच होत्या. टॅग उघडून पाहिला तर सगळीकडे ऱ्हस्व 'पाणि'. आपण वाचताना सांभाळून घेतो, यंत्राला तो वेगळाच शब्द.