आई ए, बाबा बी, मग मी ओ कसा? (रिपोर्टच्या पाकिटात आम्ही टाकतो ते माहितीपत्रक)

कॉलेजात ब्लड ग्रुपचा कॅम्प झाला की दोन-चार दिवस आमच्या काउंटरवर अकरावी-बारावीची पोरंच पोरं असतात, घरी जाऊन आई-बाबांचे ग्रुप विचारून आलेली, आणि बहुतेकांचं म्हणणं एकच, की सर रिपोर्ट चुकलाय बहुतेक, माझा ग्रुप घरात कुणाशीच जुळत नाही. प्रत्येकाला उभ्या उभ्या समजावणं होत नाही, मागे शुगरवाले आजोबा उपाशीपोटी थांबलेले असतात, म्हणून हा कागद. नीट वाचा, आणि घरी पण वाचायला द्या.

पहिली गोष्ट, ग्रुप न जुळणं ही अगदी नॉर्मल गोष्ट आहे. ब्लड ग्रुपचा जीन आपल्याकडे दोन कॉपीत असतो, एक आईकडून आलेली, एक बाबांकडून. ए ची कॉपी असेल तर लाल पेशीवर एका प्रकारची शुगर चिकटते, बी ची असेल तर दुसऱ्या प्रकारची, आणि ओ ची कॉपी काहीच चिकटवत नाही, नुसती असते. म्हणजे तुमचा रिपोर्ट ए आला तर आत ए-ए असेल किंवा ए-ओ असेल, आमच्या टाइलवर (ज्या फरशीवर रक्ताचे थेंब तपासतो ती) दोन्ही सेमच दिसतात. निळ्या थेंबात (ए ओळखणारं औषध) रक्त दाणेदार झालं, पिवळ्यात (बी ओळखणारं) नाही झालं, की आम्ही ए लिहितो, लपलेला ओ आम्हाला दिसतच नाही. तो दिसतो पुढच्या पिढीत. आई ए-ओ, बाबा बी-ओ, दोघांनी आपापला ओ दिला की पोरगं ओ, आणि याच जोडप्याची बाकी मुलं ए, बी, एबी काहीही होऊ शकतात. एका घरात चार भावंडं, चार ग्रुप, काही बिघडलेलं नाही.

उलटं पण होतं. आई एबी आणि बाबा ओ असतील तर मुलं एकतर ए किंवा बी, म्हणजे आईसारखं पण नाही न् बाबांसारखं पण नाही, आणि हेच बरोबर आहे. दोघं ओ असतील तर मात्र सगळी मुलं ओ (एक दुर्मिळ अपवाद खाली येतो).

आता कुणीतरी येतंच, आई एबी आणि मी ओ, आता काय? पुस्तकाप्रमाणे हे बसत नाही, खरंय. पण अशा वेळी डोक्यात भलतंसलतं आणू नका आणि आईला तर अजिबात काही विचारायला जाऊ नका, आधी आईचा ग्रुप परत चेक करून घ्या. आईचा ग्रुप कुठून कळला, तर बाळंतपणाच्या वेळच्या कार्डावर पेनाने लिहिलेला, नाहीतर "मला वाटतं एबी आहे". आमच्या अनुभवात दहातली नऊ कोडी इथेच सुटतात. ब्लड ग्रुप ही काही आई-बाप ठरवायची टेस्ट नाही, त्यासाठी डीएनए टेस्ट वेगळी असते, ती आम्ही करत पण नाही, आणि काउंटरवर त्या विषयावर बोलणार पण नाही.

उरलेल्या कोड्यांत एक भारी प्रकार आहे आणि तो आपल्या मुंबईतच सापडला, म्हणून त्याचं नावच बॉम्बे ब्लड ग्रुप. 1952 साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो लॅन्सेट या डॉक्टरी साप्ताहिकात मांडला. प्रकार असा, की ए किंवा बी ची शुगर थेट पेशीवर बसत नाही, ती एच नावाच्या दुसऱ्या शुगरवर बसते, आणि ही एच बनवायचा जीन पूर्ण वेगळा आहे, ब्लड ग्रुपचा जीन 9 नंबरच्या क्रोमोसोमवर तर हा 19 नंबरच्या. एखाद्याला एच च्या दोन्ही कॉप्या बंद मिळाल्या तर त्याच्याकडे बी चा जीन असून पण बी दिसणार नाही, साध्या टाइल टेस्टला तो ओ येणार. पण तो बी पोरांना जाऊ शकतोच, आणि जोडीदाराकडून चालू एच मिळाला की पोरात बी दिसायला लागतो. म्हणजे ओ आई, ओ बाबा, आणि पोरगी बी! भारतात हा ग्रुप साधारण 10,000 लोकांत एकाला असतो असं सांगतात, तेव्हा तुमचा तोच असेल असं समजून बसू नका. पण ज्याचा असतो त्याला साधं ओ रक्त चालत नाही, बॉम्बेच लागतं, म्हणून ब्लड बँक नुसत्या टाइलवर थांबत नाही, सीरम (रक्तातला पाण्यासारखा भाग) घेऊन रिव्हर्स ग्रुपिंग करते, म्हणजे ते ग्रुप माहीत असलेल्या पेशींवर टाकून बघते, तिथे ओ पेशी पण गोळा झाल्या की लगेच शंका येते.

पॉझिटिव्ह-निगेटिव्हचं सोपं आहे. दोघं पॉझिटिव्ह असून मूल निगेटिव्ह होऊ शकतं, दोघांकडे एक एक निगेटिव्ह कॉपी लपलेली असेल तर. दोघं निगेटिव्ह आणि मूल पॉझिटिव्ह असं दिसलं तर परत चेक करायला आणा, कधी कधी डी (पेशीवरचा तो पदार्थ, ज्यावरून पॉझिटिव्ह ठरतं) इतका वीक असतो की टाइलवर निगेटिव्हच वाटतो.

आणि हो, पोरांपेक्षा त्यांच्या मावश्या-काकू जास्त विचारतात तो प्रश्न, नवरा-बायकोचा ग्रुप सेम असला तर चालतं का? चालतं! याच्यावरून स्थळं मोडलेली आम्ही बघितलीत, काही अर्थ नाही त्याला. लक्ष द्यायचं ते एकाच गोष्टीकडे, बायको निगेटिव्ह आणि नवरा पॉझिटिव्ह असेल तर. बाळ पॉझिटिव्ह असलं आणि बाळंतपणात त्याचं रक्त आईच्या रक्तात मिसळलं तर आईच्या शरीरात त्याविरुद्ध अँटीबॉडी तयार होतात आणि पुढच्या बाळाला त्रास होतो, म्हणून अँटी-डी चं इंजेक्शन असतं, साधारण सातव्या महिन्यात आणि डिलिव्हरीनंतर 72 तासांच्या आत. डॉक्टरांना पहिल्याच व्हिजिटला ग्रुप सांगा, बस. लग्न मोडायचं कारण हे पण नाही.

डॉमिनंट म्हणजे जास्त लोकांत असणारं का? नाही. हा गैरसमज बारावीनंतर पण जात नाही. हाताला सहावं बोट हे बऱ्याच घरात डॉमिनंट पद्धतीने येतं, पण तुमच्या वर्गात किती जणांना आहे? आणि ओ रिसेसिव्ह (म्हणजे दोन्ही कॉप्या असल्या तरच दिसणारा) असून साधारण एक तृतीयांश वर्ग ओ भरतो. डॉमिनंटचा अर्थ एवढाच, की एकच कॉपी असली तरी दिसतं.

जीभ गोल करता येणं, कानाची पाळी चिकटलेली असणं, हे एकाच जीनचं असतं असं प्रॅक्टिकलला लिहायला लावतात, मार्कांसाठी लिहा, पण ते खरं इतकं सरळ नाही. जिभेचं 1940 मध्ये स्टर्टेव्हंट नावाच्या मोठ्या शास्त्रज्ञानेच मांडलं होतं, नंतर एकसारख्या जुळ्यांमध्ये एकाला जमतं न् दुसऱ्याला नाही असं दिसलं, तेव्हा त्यांनी स्वतःच ते सोडून दिलं. उंची, रंग, घारे डोळे यात पण बरेच जीन एकत्र काम करतात, उंचीत तर खाणंपिणं पण आलं, त्यामुळे आजी घारी आणि नात काळ्या डोळ्यांची, यावर आमच्याकडे टेस्ट नाही, मागू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं, सिकलसेल, म्हणजे आई-बाबांकडून येणारा रक्ताचा आजार. आपल्या विदर्भात हे घराघरातलं नाव आहे. इथे पण तोच दोन कॉपीचा हिशोब. एक कॉपी सिकलची म्हणजे एएस, वाहक, त्याला सहसा काही होत नाही. दोन्ही सिकलच्या म्हणजे एसएस, त्याला आजार, अंगदुखीचे झटके, रक्त कमी होणं, वारंवार दवाखाना. सगळी भानगड हिमोग्लोबिनच्या एका साखळीत सहाव्या जागेवर एक अमिनो अ‍ॅसिड बदलल्याची. दोघं एएस असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल एसएस व्हायचा चान्स चारात एक. इथे पोरं (आणि मोठी माणसं पण) हमखास गडबड करतात, पहिलं मूल एसएस झालं ना, आता पुढची तीन ठीक होणार. नाही हो. नाणं उडवताना मागच्या वेळी काय पडलं ते नाण्याला माहीत नसतं, तसंच आहे हे, दर वेळी हिशोब नव्याने, चारही एसएस झालेली घरं असतात आणि एकही न झालेली पण. एक एएस आणि दुसरा अगदी नॉर्मल असेल तर मात्र एसएस मूल होत नाही, निम्म्या चान्सने वाहक होईल एवढंच. म्हणून लग्न ठरताना पत्रिकेआधी ही टेस्ट बघा असं आम्ही स्पष्ट सांगतो, कुणाला राग आला तरी.

टेस्ट दोन पायऱ्यांत होते. आधी सोल्युबिलिटी, बोटातून थेंबभर रक्त ट्यूबमधल्या द्रावणात टाकायचं, मागे काळ्या रेघांचा कागद धरायचा, रेघा स्पष्ट दिसल्या तर निगेटिव्ह, गढूळ होऊन दिसेनाशा झाल्या तर पॉझिटिव्ह. पण पॉझिटिव्ह म्हणजे एएस की एसएस ते ही टेस्ट सांगत नाही, त्याला एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या टेस्ट) लागतं, नुसत्या सोल्युबिलिटीच्या रिपोर्टवर घाबरू नका आणि निर्धास्त पण होऊ नका. 1 जुलै 2023 पासून केंद्राचं सिकलसेल मिशन पण सुरू आहे, सरकारी दवाखान्यात तपासणी फुकट होते, तिकडे केली तरी चालेल, आमचं गिऱ्हाईक गेलं तरी चालेल, पण करा.

येताना उपाशी यायची गरज नाही, ना ग्रुपला ना सिकलला. सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर सोल्युबिलिटी भरवशाची नसते, आधी विचारा. गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवलं असेल तर सॅम्पल द्यायच्या आधी सांगा, नाहीतर रिपोर्टमध्ये तुमच्याऐवजी देणाऱ्याचंच हिमोग्लोबिन दिसेल. आणि आधीचे रिपोर्ट असतील तर मोबाईलमधला अर्धा कापलेला फोटो नको, ओरिजिनल कागद आणा.