क्लच ‘गेला’ म्हणण्याआधी

साखळी, डिचोली आणि सत्तरीतल्या आमच्या ग्राहकांसाठी

‘क्लच प्लेट गेली, बदलून टाका’ असे सांगतच पुष्कळजण गाडी आमच्या गॅरेजात आणतात. ही प्लेट इंजिनाची ताकद गिअरबॉक्सला देते, आणि ती बदलायची तर गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. गाडी अडकते आणि मजुरीही बरीच होते. म्हणून दोष नक्की कुठे आहे ते आधी बघायचे, मगच पाना हातात घ्यायचा, असा आमचा आग्रह आहे. यातली काही तपासणी तुम्हाला घरच्या घरी करता येते.

गिअर पडत नसेल तर सर्वात आधी पायाखाली बघा. पावसाळ्यात चिखल नको म्हणून मॅटवर दुसरी मॅट टाकलेली असते. ती सरकून पेडलखाली गोळा झाली की पेडल तळाला टेकत नाही आणि क्लच पुरता सुटत नाही. मॅट काढून गिअर नीट पडला तर गॅरेजात यायची गरजच नाही.

दुसरी नेहमीची तक्रार ‘गाडीला पिकअप नाही’ अशी असते. इथे आरपीएमच्या (इंजिनाच्या फेऱ्यांच्या) काट्याकडे लक्ष द्या. केरी सोडून चोर्लाच्या चढणीला लागलात, तिसऱ्या गिअरात ॲक्सिलरेटर दाबला, काटा झरकन वर गेला, इंजिन ओरडले, पण गाडीचा वेग तेवढाच राहिला, तर क्लच स्लिप होतोय, म्हणजे प्लेट घसरतेय आणि इंजिनाची ताकद चाकांपर्यंत पुरती पोचत नाही. सोबत जळका वास आला की शंका उरत नाही. पण काटाही वर जात नसेल आणि गाडीही ओढत नसेल, तर क्लचला दोष देऊ नका. एअर फिल्टर चोंदलेला असेल, डिझेल गाडीत टर्बोचा पाइप फुटला असेल किंवा ब्रेक धरून राहत असतील.

सपाट, मोकळ्या जागी आणखी एक परीक्षा घेता येते. गाडीपुढे कुणी उभे नको. हँडब्रेक ओढा, पायाने ब्रेकही दाबून धरा, इंजिन चालू असताना चौथा गिअर टाका आणि क्लच हळूहळू सोडा. क्लच चांगला असेल तर इंजिन गचका देऊन बंद पडते. पेडल पूर्ण सोडूनही इंजिन चालूच राहिले तर क्लच स्लिप होतोय. ही परीक्षा एकदाच करा. परत परत केली तर असलेली प्लेटही तापून खराब होते.

स्लिप होतोय म्हणजे प्लेट संपलीच, असेही नाही. तुमच्या गाडीला क्लच केबल असेल तर पेडल वरच्या बाजूला थोडे ढिले लागायला हवे. प्लेट झिजत जाते तसा हा ढिलेपणा कमी होतो. कुणी केबल गरजेपेक्षा जास्त ताणली, तरी ढिलेपणा राहत नाही. मग पेडलवर पाय नसतानाही क्लच अर्धवट दाबलेला राहतो आणि स्लिप होतो. अशा वेळी केबल सेट करून भागते, गिअरबॉक्सला हात लावावा लागत नाही. मात्र तशाच गाडीने महिनोन् महिने घाट चढलात तर प्लेट खरोखरच जाते.

हायड्रॉलिक क्लचची गोष्ट वेगळी. त्यात केबलच्या जागी ब्रेक ऑइल असते आणि प्लेटची झीज पेडलला सहसा कळत नाही. पेडल स्पंजासारखे लागते, दोन-तीनदा दाबल्यावरच गिअर पडतो किंवा पेडल खालीच राहते, तर प्लेट सोडा, आधी ऑइलची डबी बघा. पेडलच्या वरच्या टोकाकडे ओले लागतेय का, हात फिरवून पाहा. गळती पेडलकडच्या मास्टर सिलिंडरची किंवा गिअरबॉक्सकडच्या स्लेव्ह सिलिंडरची असते. काही गाड्यांत स्लेव्ह सिलिंडर गिअरबॉक्सच्या तोंडातच बसवलेला असतो, तिथे मात्र गिअरबॉक्स उतरवण्याला पर्याय नाही. बऱ्याच गाड्यांत क्लच आणि ब्रेकची डबी एकच असते, म्हणून पातळी उतरलेली दिसली तर नुसते ऑइल भरून पुढे जाऊ नका. हे ऑइल हवेतला ओलावा शोषते, आणि आपल्याकडच्या दमट हवेत ते वेळच्या वेळी बदललेलेच बरे.

घरचा माणूस आखातात किंवा बोटीवर असतो आणि गाडी सगळा पावसाळा दारात उभी राहते. चवथीला चालू करायला जावे तर इंजिन लागते, पण क्लच दाबूनही गिअर पडत नाही. प्लेट गंजाने फ्लायव्हीलला, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या चाकाला, चिकटलेली असते. ती बहुतेक वेळा न खोलता सुटते, पण त्यासाठी मोकळे मैदान आणि सरावाचा हात हवा. गल्लीत किंवा अंगणात हा प्रयोग करू नका, प्लेट सुटते तेव्हा गाडी एकदम उडी मारते. आम्हाला बोलवा.

आवाज येत असेल तर गाडी न्यूट्रलला चालू ठेवून पेडल दाबा आणि सोडा. दाबल्यावर किरकिर सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंगचा, म्हणजे पेडल दाबल्यावर क्लच सोडवणाऱ्या बेअरिंगचा, संशय. दाबल्यावर आवाज थांबत असेल, तर बिघाड बहुधा गिअरबॉक्सच्या बेअरिंगचा, आणि त्याला क्लच सेट बदलून काही उपयोग नाही. पहिल्या गिअरात उठताना गाडी थरथरत असेल तर आम्ही आधी इंजिन माउंटिंग (इंजिनाचे रबरी आधार) बघतो. ते ठीक असेल तरच प्लेटवर ऑइल आले आहे का, हा प्रश्न येतो.

प्लेट किती किलोमीटर टिकते, असे सगळेच विचारतात. एकाच मॉडेलची एक गाडी चाळीस हजारांत येते, दुसरी लाख ओलांडते. फरक चालवण्यात असतो. चोडणच्या फेरीबोटीसाठी धक्क्याच्या उतारावर रांग लागते, तिथे हाफ क्लचवर गाडी धरून ठेवण्याची सवय प्लेटला फार महागात पडते. त्यापेक्षा हँडब्रेक ओढा, न्यूट्रल करा, पाय काढा. घाटात जळका वास आला तर जागा बघून बाजूला थांबा आणि क्लच थंड होऊ द्या. मग कमी ॲक्सिलरेटरवर, खालच्या गिअरात सपाटीपर्यंत या. जोर लावून बेळगाव गाठायचा हट्ट नको.

गिअरबॉक्स उतरवावाच लागला तर प्लेट, तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकदमच बदला, असे आम्ही सांगतो. बेअरिंग जुने ठेवून थोडे पैसे वाचतात खरे, पण ते सहा महिन्यांनी वाजू लागले तर मजुरी पुन्हा पहिल्यापासून. त्याच वेळी मागचे ऑइल सील गळते का आणि फ्लायव्हील कसे आहे, तेही बघून घेतो. गाडी खोललेली असताना जरूर या. संपलेल्या प्लेटचे लायनिंग (वरचा घासला जाणारा थर) रिव्हेटपर्यंत आलेले असते, आणि फ्लायव्हीलवर रिव्हेटने ओढलेले गोल ओरखडे व तापून पडलेले निळसर डाग दिसतात. ते दिसत नसतील तर प्लेट का बदलायची, हे आम्हाला बेलाशक विचारा.

काही दोष थंड गाडीतच दिसतात, म्हणून जमल्यास गाडी आदल्या संध्याकाळी आणून ठेवा. सकाळी पहिल्यांदा आम्हीच चालू करू. आवाज मधूनच येत असेल तर मोबाइलवर रेकॉर्ड करून आणा. बदललेले जुने पार्ट तुमच्या डिकीत ठेवतो. नको असतील तर तसे सांगा.