चिठ्ठी मोजली तरच तो पुरावा

गिरगावातल्या एका महापालिका शाळेच्या वर्गखोलीत, फळ्याखालच्या कोपऱ्यात, पुठ्ठ्याच्या आडोशामागे मतदार उभा राहतो आणि निळे बटण दाबतो. शेजारच्या पेटीत उजेड होतो, काचेआड एक कागदी चिठ्ठी उतरते, तिच्यावर उमेदवाराचा अनुक्रमांक, नाव आणि चिन्ह दिसते, आणि सात सेकंदांनी ती कापली जाऊन खालच्या बंद कप्प्यात पडते. मागच्या लोकसभा निवडणुकीत आमच्या चाळीतल्या एका काकूंना मी बाहेर आल्यावर विचारले, "चिठ्ठी नीट पाहिलीत ना?" त्या म्हणाल्या, "कसली चिठ्ठी रे? आवाज आला, मी निघाले." त्यांच्यासारखे अनेक मतदार त्या सात सेकंदांत दाराकडे वळलेले असतात. मतदान यंत्राच्या विश्वासार्हतेवर आपण जेवढा वाद घालतो, त्याच्या निम्मे लक्ष जरी या चिठ्ठीकडे दिले, तरी प्रश्न बराचसा सुटेल, असे मला मनापासून वाटते.

कागद कशाला हवा, हे समजण्यासाठी बेल्जियममधली एक घटना उपयोगी पडते. १८ मे २००३ रोजी तिथल्या राष्ट्रीय निवडणुकीत ब्रुसेल्सजवळच्या स्कारबीक या भागात एका उमेदवाराला शक्य होती त्याहून जास्त मते मिळाल्याचे संगणकाने दाखवले. मते नोंदलेली मतदारांची चुंबकीय कार्डे पुन्हा वाचून पाहिली, तेव्हा फरक निघाला नेमका ४०९६ मतांचा. हा आकडा म्हणजे दोनचा बारावा घात आहे. संगणक संख्या शून्य आणि एक या दोन अंकांत लिहून ठेवतो, आणि त्या ओळीतला तेरावा अंक शून्याचा एक झाला की बेरजेत बरोबर ४०९६ वाढतात. अवकाशातून येणाऱ्या एखाद्या कणाने स्मृतीतला तो अंक उलटवला असावा, असा तर्क केला गेला. सिद्ध मात्र झाला नाही. या घटनेत कोणाचीही लबाडी नव्हती. चूक पकडली गेली ती दोन कारणांनी: आकडा उघडउघड अशक्य होता, आणि ताडून पाहायला यंत्राच्या स्मृतीबाहेर दुसरी नोंद शिल्लक होती.

ही दुसरी नोंद नसली तर काय होते, ते अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यातील सारासोटा परगण्याने २००६ साली अनुभवले. तिथे संसदेच्या एका जागेचा निकाल ३६९ मतांनी लागला आणि त्याच जागेसाठी सुमारे १८,००० मतदारांचे मतच नोंदले गेले नसल्याचे दिसले. त्या मतदारांनी ती जागा मुद्दाम सोडली, पडद्याची मांडणी फसवी होती की यंत्र चुकले, हे ठरवायला कागद नव्हता, त्यामुळे वाद कोर्टात आणि संसदेत गेला तरी त्याचे उत्तर मतदारांच्या हाताला लागले नाही. त्याच वर्षी रोनाल्ड रिव्हेस्ट आणि जॉन वॅक या संगणकतज्ज्ञांनी एक कसोटी मांडली: यंत्राच्या आज्ञावलीत न सापडलेली चूक असली, तरी तिच्यामुळे निकालात न सापडणारी चूक राहता कामा नये. मतदाराने डोळ्यांनी पाहिलेला आणि यंत्राला नंतर बदलता न येणारा कागद ही कसोटी पुरी करतो.

नागरिकांच्या आग्रहाने काय होऊ शकते, याचे उदाहरण नेदरलँड्समध्ये आहे. 'आम्हाला मतदान संगणकांवर विश्वास नाही' अशा सरळ नावाच्या गटाने २००६ मध्ये तिथे वापरात असलेले यंत्र मिळवले, त्यातली आज्ञावली बदलता येते हे दूरचित्रवाणीवर दाखवले आणि त्याच यंत्रावर बुद्धिबळही खेळून दाखवले. पुढे तो देश कागदी मतपत्रिकेकडे परतला. जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने ३ मार्च २००९ रोजी सांगितले की निवडणुकीचे महत्त्वाचे टप्पे सामान्य नागरिकाला विशेष तांत्रिक ज्ञानाशिवाय तपासता आले पाहिजेत. आपली यंत्रे या देशांतल्या यंत्रांसारखी नाहीत. म्हणून तिकडचे दोष जसेच्या तसे इकडे चिकटवणे योग्य नाही. मात्र जर्मन न्यायालयाचे तत्त्व यंत्राच्या बनावटीवर अवलंबून नाही.

भारतात सर्वोच्च न्यायालयाने ८ ऑक्टोबर २०१३ च्या निकालात कागदी नोंद ही मुक्त आणि निःपक्ष निवडणुकीची अपरिहार्य गरज असल्याचे म्हटले. त्याच्या महिनाभर आधी नागालँडमधल्या नोकसेन पोटनिवडणुकीत व्हीव्हीपॅट, म्हणजे ही चिठ्ठी छापणारे यंत्र, पहिल्यांदा वापरले गेले होते, आणि २०१९ च्या लोकसभेला ते देशातल्या प्रत्येक मतदान केंद्रावर आले. नियमही स्पष्ट आहे: यंत्राचा आकडा आणि चिठ्ठ्यांची मोजणी जुळली नाही, तर चिठ्ठ्यांचा आकडा ग्राह्य धरला जातो. अडचण एवढीच आहे की बहुतेक चिठ्ठ्या मोजल्याच जात नाहीत. एप्रिल २०१९ मधल्या न्यायालयीन आदेशानुसार प्रत्येक विधानसभा क्षेत्रातली पाच केंद्रे सोडत काढून निवडली जातात आणि तेवढ्यांचीच मोजणी होते. सर्व चिठ्ठ्या मोजण्याची मागणी न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ रोजी फेटाळली.

पाच पुरेत का? शितावरून भाताची परीक्षा करता येते, हे खरे. पण भांड्यातला भात सगळीकडे सारखा शिजलेला असेल तरच. तळाला करपलेला भात वरच्या शिताला कळत नाही. हे पडताळायला आम्ही चाळीतल्या मुलांना घेऊन एका रविवारी बसलो. एका विधानसभा क्षेत्रात तीनशे केंद्रे आहेत असे धरून बरणीत ३०० चिंचोके घातले, त्यातल्या ३० ना चुना लावला, बरणी नीट हलवली आणि डोळे मिटून पाच काढायचे असा खेळ लावला. निम्म्याहून जास्त वेळा मुलांच्या तळहातावर पाचही चिंचोके तपकिरीच निघाले. गणितही तेच सांगते: दहा टक्के यंत्रे बिघडलेली असली, तरी पाच तपासून त्यातले एक तरी सापडण्याची शक्यता सुमारे ४१ टक्के. बिघडलेली यंत्रे फक्त तीन असतील, तर ती शक्यता पाच टक्क्यांवर येते. तीसपैकी एक तरी पांढरा चिंचोका ९९ टक्के खात्रीने हाती यायचा असेल, तर ४१ काढावे लागतात. पांढरे तीनच असतील तर सुमारे २३५.

किती काढायचे हे कशावरून ठरवावे, याचे उत्तर कॅलिफोर्नियातले संख्याशास्त्रज्ञ फिलिप स्टार्क यांनी २००८ च्या सुमारास दिले. विजयाचे अंतर मोठे असेल तर थोडा नमुना पुरतो. अंतर जितके कमी, तितका नमुना वाढवत न्यायचा, आणि शंका फिटत नसेल तर सगळे कागद मोजायचे. कोलोरॅडो राज्य २०१७ पासून अशी तपासणी करते. आपल्याकडे लाखभर मतांनी जिंकलेल्या जागेला आणि निसटत्या जागेला पाच केंद्रांचे एकच माप लावले जाते, हे मला शास्त्रदृष्ट्या पटत नाही.

याचे सर्वांत जवळचे उदाहरण आपल्याच शहरातले आहे. २०२४ मध्ये मुंबई उत्तर-पश्चिम मतदारसंघात विजयी उमेदवाराला ४,५२,६४४ आणि पराभूत उमेदवाराला ४,५२,५९६ मते मिळाली. फरक ४८ चा. फक्त यंत्रांवरची मते पाहिली तर पराभूत उमेदवार एका मताने पुढे होता, आणि टपाली मतांनी निकाल फिरला. या मतदारसंघात सहा विधानसभा क्षेत्रे आहेत, म्हणजे ठरल्याप्रमाणे तीस केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजायच्या. एका मताच्या फरकाबद्दल तीस केंद्रे काहीच ठाम सांगू शकत नाहीत. निकाल चुकीचा होता असे मी सुचवत नाही. राज्यात नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेनंतर १,४४० यंत्रांच्या चिठ्ठ्या ताडून पाहिल्या आणि कुठेही तफावत आढळली नाही, असे निवडणूक आयोगाने जाहीर केले, आणि ते महत्त्वाचे आहे. परंतु हरलेल्या उमेदवाराच्या शेवटच्या समर्थकालाही समोर ठेवून पटवता येईल असा पुरावा पेट्यांमध्ये तयार होता, आणि नियमाने तो उघडणे सक्तीचे नव्हते. उमेदवार चिठ्ठ्या मोजण्यासाठी अर्ज करू शकतो. निर्णय मात्र निवडणूक निर्णय अधिकाऱ्याचा असतो.

महापालिकेच्या निवडणुकीत तर ही पेटीच नसते. मुंबईच्या २२७ प्रभागांचे मतदान राज्य निवडणूक आयोग घेतो आणि तिथे व्हीव्हीपॅट लावले जात नाही. बहुसदस्यीय प्रभागांमुळे येणारी तांत्रिक अडचण हे त्याचे एक कारण सांगितले गेले आहे. मुंबईत मात्र एका प्रभागातून एकच नगरसेवक निवडला जातो. २०१७ मध्ये दक्षिण मुंबईतल्या प्रभाग २२० मध्ये दोन उमेदवारांना प्रत्येकी ५,९४६ मते पडली आणि निकाल सोडत काढून लावावा लागला. कागद नसलेल्या यंत्रावर फेरमोजणी म्हणजे तेच बटण पुन्हा दाबून तोच आकडा पुन्हा पाहणे.

सामान्य मतदाराच्या हातात आज दोन गोष्टी निश्चित आहेत. पहिली, सात सेकंद थांबून चिठ्ठी वाचणे, आणि ती चुकीची छापली गेली तर तिथल्या तिथे केंद्राध्यक्षांकडे लेखी तक्रार करणे. त्यानंतर प्रतिनिधींसमोर चाचणी मत घेतले जाते. तक्रार खोटी ठरली तर शिक्षेची तरतूद आहे, म्हणून आधी नीट पाहावे. दुसरी गोष्ट म्हणजे नमुना १७-सी. मतदान संपल्यावर केंद्रावर एकूण किती मते नोंदली गेली, याची सही केलेली प्रत उमेदवारांच्या मतदान प्रतिनिधींना मिळते. आपल्या वस्तीतला प्रतिनिधी ओळखीचा असतोच. मोजणीच्या दिवशी त्याच यंत्राचा एकूण आकडा त्या प्रतीशी जुळवायला कोणत्याही तज्ज्ञाची गरज लागत नाही.

आमच्या चाळीने राज्य निवडणूक आयोगाच्या नावे दोन मागण्यांचा अर्ज लिहिला आहे: महापालिका निवडणुकीत कागदी चिठ्ठी हवी, आणि किती चिठ्ठ्या मोजायच्या हे विजयाच्या अंतरावरून ठरवावे. सह्यांचा कागद जिन्याजवळच्या फळीवर लावला आहे आणि त्याखाली चिंचोक्यांची बरणी ठेवली आहे, कारण सही करण्याआधी प्रत्येकाने पाच काढून पाहावेत असे ठरले आहे. काकूंनी तीनदा काढले, तिन्ही वेळा सगळे तपकिरी निघाले, आणि मग त्यांनी चष्मा मागवून अर्ज पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला.