चांदण्या रात्री दुर्बीण झाकून ठेवू नका

‘शुक्ल सप्तमी उलटली की कॅमेरा कपाटात, बाहेर काढायचा तो अमावस्येच्या सुमारास,’ असा सल्ला नव्या आकाशछायाचित्रकारांना वर्षानुवर्षं मिळतो. तो अर्धाच खरा आहे. पावसाळ्याचे चार महिने आपल्या हातून आधीच जातात. उरलेल्यातल्या इतक्या रात्री अशा सोडून देणं मला अजिबात पटत नाही.

चंद्रप्रकाश म्हणजे परावर्तित सूर्यप्रकाश. त्यात सगळे रंग असतात आणि हवेत विखुरून तो आख्खं आकाश उजळतो. मृगातला एम ४२ किंवा रोझेटसारखे तेजोमेघ, म्हणजे अवकाशातले चमकणारे वायूंचे ढग, मात्र प्रामुख्याने ठरावीक तरंगलांबींवर प्रकाशतात: हायड्रोजनचा तांबडा प्रकाश (हायड्रोजन-अल्फा) ६५६.३ नॅनोमीटरला, आयनित ऑक्सिजनचा निळा-हिरवा ५००.७ ला. ७ नॅनोमीटरचा अरुंद पट्ट्याचा फिल्टर लावला, तर दृश्य प्रकाशाच्या साधारण ३०० नॅनोमीटरपैकी जेमतेम चाळिसावा भाग आत येतो. चंद्राचा उजेड त्या प्रमाणात घटतो, तेजोमेघाचा त्या ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश मात्र बहुतांश तसाच पोहोचतो.

निळा-हिरवा प्रकाश हवेत तांबड्यापेक्षा जास्त विखुरतो. म्हणून चंद्र मोठा असताना हायड्रोजन टिपा, ऑक्सिजन काळोख्या रात्रींसाठी राखा, आणि लक्ष्य चंद्रापासून लांबचं निवडा. रंगीत कॅमेऱ्यासाठी दोन्ही पट्टे एकदम घेणारे फिल्टर मिळतात.

देवयानी दीर्घिकेला ही युक्ती लागू पडत नाही. तिचा उजेड ताऱ्यांचा, म्हणजे सगळ्या रंगांत पसरलेला. फिल्टर चंद्राबरोबर तिलाही कापतो. कृत्तिकांभोवतीच्या निळ्या धूसर मेघाचंही तेच. त्यांच्यासाठी अमावस्याच हवी.