लग्न झालं की माहेरचा हिस्सा संपतो?

‘लग्नात दागिने दिले, आता मुलीचा माहेरच्या जमिनीवर हक्क नाही’ असं सर्रास सांगितलं जातं. या समजाला जुना आधार होता. महाराष्ट्राच्या १९९४ च्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत हिस्सा दिला, पण त्याआधी लग्न झालेल्यांना वगळलं. ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू वारसा कायद्यात हा भेद उरला नाही; मुलगी विवाहित असली तरी मुलाइतकीच जन्मतः हिस्सेदार. (२० डिसेंबर २००४ पूर्वीची रीतसर वाटणी मात्र कायम. स्वकष्टार्जित मिळकत वडील मृत्युपत्राने कुणालाही देऊ शकतात.) खात्रीसाठी कायद्याचं कलम ६ वाचा, मग सातबारा आणि फेरफार काढा. बहिणीचं नाव अनेकदा लग्नाने नव्हे, हक्कसोडपत्रावरच्या सहीने गेलेलं दिसतं.